बोअरच्या पाण्याला फेस का येत नाही?

मंगळवार, संध्याकाळ

आज केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी कृती लिहून दिलीच नाही. सेकंड इयरच्या मुलांना घरचं पाणी आणायला सांगितलं होतं. प्रश्न एकच ठेवला: साबणाचा फेस कुठल्या पाण्याला कमी येतो, आणि का? बराच वेळ नुसता गोंधळ. विभागप्रमुख दारातून म्हणाले, "मॅडम, अजून सुरुवात नाही?" उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बरोबर केलं ना मी?

मग चाकणजवळच्या खेड्यातली सायली, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, आमच्या बोअरच्या पाण्याला फेसच येत न्हाई. उकळून बघू?" उकळलं, गाळलं. फेस आला, पण दापोडीच्या रोहनने आणलेल्या नळाच्या पाण्याइतका नाही. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. ती रोहनकडे वळली. "म्हंजे पाण्यात दोन गोष्टी हायत. एक उकळून जाते, एक राहते."

पुस्तकात जड पाण्याचे हेच दोन प्रकार नावानिशी दिलेत. नावं उद्या सांगेन, आज नको. रोहन म्हणाला, "थांब, परत करून बघू."

तास संपला तरी कुणी ॲप्रन काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.