कोरड्या मातीची टेस्ट

९ मे १९९८, शनि.
गास गावातली साईट. पायलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबावर, वजन ठेवून चोवीस तास झाले, खचणं दाखवणारी सुई जेमतेम हलली. बिल्डर शेठ खूश, पेढे वाटले. "साहेब, करा सही. पावसाआधी प्लिंथ काढू." केली नाही. भातखाचरावर मुरुमाचा भराव, मे महिन्यात विटेसारखा टणक. आत्ता तो पायलला धरून ठेवणारच. जुलैत पाणी मुरलं की पकड सुटेल, आणि भराव खचताना पायललाही खाली ओढेल. म्हटलं, माती भिजवून परत टेस्ट घेऊ. शेठने पेढ्यांचा बॉक्स मिटला.

१० मे, रवि.
घरीच. जैसलमेरची टाकी डोक्यातून जात नाही. तिथेही कोरड्या वाळूत टेस्ट पास. पाऊसच नाही तर भिजणार कशाने, म्हणून मी सही ठोकली. वर्षभरात टाकीच गळायला लागली, खालची वाळू भिजली आणि टाकी एका अंगाला कलली. कुणी मेलं नाही, यात माझी अक्कल काही नाही. हिला आज पहिल्यांदा सांगितलं. "मग आता करू नका सही," एवढंच म्हणाली. नोकरीचा विषय काढला नाही. बरं वाटलं.

१२ मे, मंगळ.
तीन टँकर आले. पायलभोवती चर खणून पाणी सोडलं. शेजारच्या वाडीतल्या फिलूमावशी हंडा घेऊन कुंपणाशी.
"आमची विहीर आटली, आनि तुमी मातीला पानी पाजता?"
म्हटलं, मावशी, बिल्डिंग खचू नये म्हणून.
"मग बांधता कशाला इथं?"
हंडा भरून दिला. तिसरा टँकर वाडीत पाठवला. शेठ भडकला.

१५ मे, शुक्र.
ओली टेस्ट. वजन तेवढंच. दुपारी सुई हलायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबेना. मर्यादेच्या बाहेर. शेठ शांतपणे म्हणाला, "मग माती वाळू द्या आणि टेस्ट परत घ्या." मी चिडलो. "वाळवायला काय पापड आहेत?" मजूर हसले. शेठ हसला नाही.

१६ मे, शनि.
नापासचा रिपोर्ट सही करून दिला. शेठने न वाचता खणात टाकला. सोमवारपासून यायचं नाही म्हणाला. माझ्या जागी नवा इंजिनियर येतोय, तरुण आहे. त्याच्यापुढे फक्त कोरड्या टेस्टचा कागद ठेवणार. त्याने सही केली की चार मजले उभे, आणि त्यात माणसं राहायला येणार.

१७ मे, रवि.
त्या पोराचा नंबर मिळाला. ही म्हणते, फोन करा, नीट समजावून सांगा. दोनदा रिसीव्हर उचलून ठेवला. समजावून सांगण्याने काय होतं ते मला माहीत आहे. जैसलमेरला एक म्हातारा गवंडी मलाही सांगत होता, साहेब, एकदा पाणी टाकून बघा. हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. मी त्याला हसलो होतो.