रक्तातला मार्कर

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण हल्ली एकदा खाली बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? बोटं सकाळी किती वाजता वळायला लागतात? पडद्यांच्या शिलाईला अजून स्वतःच बसतेस की कुणाला हाताखाली घेतलंस? परवा फोनवर बोलताना तुझं दूध पुन्हा उतू गेलं, ते भांडं स्वच्छ निघालं का? दाजींना नमस्कार सांग. (त्यांना हे पत्र वाचून दाखवताना दम लागण्याचा भाग गाळलास तरी चालेल. ते लगेच चार जणांना फोन करतात.) इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. मधे तीन आठवडे नव्हतं, आणि ते का नव्हतं हे तुझ्या भावजयीकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसलो. पत्र पेन्सिलीने लिहिलंय, त्याचंही कारण पुढे येईल.

तुला माहीतच आहे, मी अठ्ठावीस वर्षं नळांच्या आणि दारांच्या मुठींच्या गोदामात खोक्यांवर नावं घालतो. उजव्या हातात मार्कर, डाव्या हातात यादी, मग टोपण कुठे धरणार? दातात. त्यामुळे गोदामात माझं टोपणनावच 'टोपण' पडलंय. (नवीन माणसांना ते माझं आडनाव वाटतं.) या सवयीबद्दल तुझ्या भावजयीने लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात बोलायला सुरुवात केली, ती अजून थांबलेली नाही. तिचं म्हणणं, शाई पोटात जाते. माझं म्हणणं, टोपणाला शाई नसते. बाकी आमचं फारसं भांडण होत नाही, कारण सगळा वेळ यातच जातो.

तर, मी संधिवातासाठी ज्या इस्पितळात जातो (आपला संधिवात वयाचा नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. डॉक्टरबाईंनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुझी भावजय म्हणाली, यांच्यावर सगळेच उलटतात, शरीर तरी का मागे राहील), तिथे सध्या एक अभ्यास चाललाय. हा आजार काही जणांच्या सांध्यांवर थांबत नाही, गुपचूप फुप्फुसात शिरतो, आणि माणसाला पत्ता लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आमच्यासारख्यांचं रक्त तपासून त्याचा सुगावा आधीच लागतो का, हे ते पाहताहेत. आज मी तुला हे शहाण्यासारखं सांगतोय, पण रक्त घेणाऱ्या नर्सबाई हेच समजावत होत्या तेव्हा त्यातलं अक्षरही माझ्या कानात शिरलं नव्हतं. कारण बोलता बोलता त्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. अक्षर बारीक, सरळ, एकसारखं, आणि लिहिताना टोपण कुठे? दातात! अक्का, मला अगदी भरून आलं. मी नुसती मान डोलावत राहिलो आणि त्या सांगतील तिथे सही केली.

दोन आठवड्यांनी घरी फोन आला. मी कामावर होतो, तुझ्या भावजयीने घेतला. पलीकडून एवढंच सांगितलं की यांच्या रक्तात मार्कर जास्त आलाय, गुरुवारी डॉक्टरांकडे घेऊन या. झालं! संध्याकाळी मी दारात पाऊल टाकतो तो ही कमरेवर हात ठेवून उभी. "मी सांगत होते!" अठ्ठावीस वर्षांच्या भांडणाचा निकाल थेट इस्पितळातून तिच्या बाजूने लागला होता. माझी जीभ बाहेर काढून उजेडात तपासली गेली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या, घरातले सगळे मार्कर एका डब्यात बंद झाले, आणि मीही मुकाट्याने सगळं केलं, कारण मलाही ते खरंच वाटलं होतं. जेवताना मात्र ती माझ्याकडे पाहत होती आणि एकदम उठून मोरीत गेली. तिने नळ सोडला. आमच्या घरी चांगल्या नळांना तोटा नाही, पण तो नळ फार वेळ वाहत होता. मी घाबरलो, अक्का. शाईला नाही, त्या नळाला.

दुसऱ्या दिवसापासून मी खोक्यांवर पेन्सिलीने लिहायला लागलो. खाकी पुठ्ठ्यावर पेन्सिल किती दिसते हे तुला सांगायला नको. एका शाळेने वर्गांच्या दारांसाठी चाळीस मुठी मागवल्या होत्या, त्यांना चाळीस शॉवर गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी फोन करून शांतपणे विचारलं की हे नेमके कुठल्या विषयासाठी आहेत. मालकांनी मला बोलवायला माणूस पाठवला, मग स्वतःच शोधत निघाले, आणि मी सापडलो तो वरच्या मजल्याच्या जिन्यात, बाराव्या पायरीवर. तिथे एक जुनं खोकं पडलेलं असतं. मालकांनी ते उचलून पाहिलं. त्याच्यावर माझ्याच अक्षरात 'तपासले' असं चौदा वेळा लिहिलेलं होतं. शेवटचं पेन्सिलीने. रिकामं खोकं चौदा वेळा का तपासलंस, असं त्यांनी विचारलं. (तुला म्हणून सांगतो. गेले काही महिने बाविसाव्या पायरीपर्यंत मला एका दमात जाता येत नव्हतं. बाराव्याला थांबायचो, आणि कुणी येताना दिसलं की त्या खोक्यावर काहीतरी लिहायला घ्यायचो. कामात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.) मालकांनी ते खोकं खाली ठेवलं आणि शॉवरबद्दल एक शब्द न बोलता निघून गेले.

गुरुवारी आम्ही इस्पितळात गेलो. मी गोदामातले आणि घरातले मिळून सतरा मार्कर पिशवीतून नेले होते. म्हटलं, नेमका कोणता भोवलाय ते तरी कळू दे. डॉक्टरबाईंच्या टेबलावर ते रंगांप्रमाणे ओळीत मांडले आणि काळ्यावर बोट ठेवून म्हणालो, वापर याचा जास्त आहे. बाईंनी आधी मार्करांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फोन कुणी घेतला होता ते विचारलं, आणि टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या माझ्यासाठी रडताहेत असं वाटून तुझ्या भावजयीने हंबरडा फोडला. बाहेरच्या बाकावरचा एक रुग्ण तपासून न घेताच घरी गेला म्हणतात.

मग बाईंनी डोळे पुसले, हिचा हात हातात घेतला आणि समजावलं. मार्कर म्हणजे खूण. फुप्फुसाला आत इजा होत असली की काही पदार्थ रक्तात जास्त उतरतात, त्यांना हे लोक मार्कर म्हणतात. ती खूण म्हणजे निकाल नव्हे. त्या म्हणाल्या, तुमच्याच कामासारखं आहे बघा, आत काय आहे ते खोकं उघडल्याशिवाय कळत नाही, पण कोणतं खोकं आधी उघडायचं हे वरच्या खुणेवरून ठरतं. (माझ्या कामाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.) मग माझं खोकं उघडलं. नळीत फुंकर मारायला लावली, यंत्रात झोपवून छातीचे बारीक बारीक फोटो काढले. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी थोडे व्रण निघाले. थोडेच. बाराव्या पायरीचं मी शेवटी सांगून टाकलं, तर बाईंनी ते हसण्यावारी न नेता कागदावर लिहून घेतलं. झालेले व्रण जाणार नाहीत, पण पुढे वाढू नयेत म्हणून औषध बदललंय, श्वासाचे व्यायाम दिलेत, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. तुम्ही आणखी दोन वर्षांनी आला असतात तर मला हसू आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. मालकांनी मला खालच्या मजल्यावर आणलंय. जिन्यातलं खोकं मात्र त्यांनी स्वतःच्या खोलीत ठेवलंय, का ते विचारायचं मला धाडस नाही.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
टोपण

ता.क. पेन्सिलीचं राहिलंच. शाई निर्दोष सुटली, पण टोपण दातात धरणं घाणेरडं आहे असं डॉक्टरबाई जाता जाता बोलून गेल्या. तुझ्या भावजयीने त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं तेवढं पाठ केलंय. डबा अजून बंद आहे.

ता.क. २. पत्र एवढ्यासाठी लिहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला हा संधिवात आहे का? म्हटलं, थोरल्या बहिणीला, माझ्याही आधीपासून. तिला खोकला, दम? मी म्हटलं, छे, तिचं फक्त दूध उतू जातं. आणि बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. अक्का, परवाच्या एका फोनमध्ये तुझं दूध चार वेळा उतू गेलं. चारही वेळा तू फोन ठेवून लांब गेलीस आणि परत आल्यावर आधी नुसता श्वासच ऐकू आला. दाजींना दूध पचत नाही. तू जन्मभर कोरा चहा पितेस. मी जिन्यात खोकं तपासत होतो आणि तू दूध उतरवतेस, आईने आपल्याला एकच धडा शिकवलेला दिसतो.

ता.क. ३. येत्या गुरुवारी अकरा वाजता तुझं नाव घातलंय. कदाचित काहीच निघणार नाही, पण मला ते कळल्याशिवाय राहवणार नाही. बुधवारी आम्ही दोघं तुला न्यायला येतोय. नाही म्हणायचं असेल तर खुशाल फोन करून म्हण. पण एका दमात म्हण, मधे दूध उतू न जाता.