अमरेश नावाचं झाड

प्रिय अमरेश,

“अमरेशवर पाणी सोड.” तू घर सोडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत, विहिरीपाशी उभ्या राहून अव्वा मला असं म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं आणि कामाला लागले. ते वाक्य आणखी कुणाच्या कानावर पडलं असेल, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

सोलापुरात सात रस्त्याला अव्वांच्या गोळ्या घ्यायला गेले होते, तिथं तुझी प्रतिक्षा भेटली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, केसांत एखादी पांढरी बट. तिनंच मला ओळखलं. सगळ्यांची विचारपूस केली, अव्वांची जरा जास्तच. एकदा या ना रानात, असं मी म्हटलं, तशी ती हळूच म्हणाली, “आलो होतो वहिनी. बांधावरूनच परत गेलो.” मग त्या दिवाळीचं तिनं सांगितलं. तुम्ही दोघं एसटीतून उतरून तुरीच्या कडेकडेनं आलात. तिच्या हातात मिठाईचा डबा होता. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीआडून तुम्हाला अव्वांचा आवाज आला, आणि तू तिचा हात धरून मागे वळलास. लगेच सोलापूरची परतीची एसटी पकडलीत. डबा एसटीतच राहिला म्हणे.

तिला ऑफिसची घाई होती. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस.

तू अव्वांचं मराठी कधी नीट ऐकलंच नाहीस. तुझ्याशी त्या कन्नडच बोलायच्या. मी मंगळवेढ्याची, सून म्हणून आले तेव्हा कन्नडचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून माझ्या एकटीसाठी त्या मराठी बोलायला लागल्या. आणि कुठून कोण जाणे, त्यांना ‘वर’ तेवढं सापडलं. मल्लेशवर चहा दे. गाईवर कडबा टाक. मी गाईकडे बघायची, त्या माझ्याकडे बघायच्या, आणि दोघी हसत सुटायचो. तू तेव्हा कॉलेजात होतास, मला भाऊजी म्हणू द्यायचा नाहीस, स्वतः मात्र वहिनीला कन्नडमध्ये अत्तिगे म्हणायचास. या घरात मला पहिल्यांदा कुणी नात्यानं हाक मारली ती तू.

आणि तो अमरेश तू नव्हतास. ते झाड होतं.

तू गेलास त्या पावसाळ्यात अव्वांनी नारळाची दोन रोपं मागवली. काळ्या रानात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून ह्यांनी, तुझ्या थोरल्या अण्णांनी, खड्ड्यांच्या तळाशी मुरूम आणि वाळू टाकली. अव्वांनी वरून मूठभर मीठ टाकलं, का ते सांगितलं नाही. पाटाच्या अलीकडचं रोप अण्णांच्या नावाचं, मल्लेश; पलीकडचं तुझ्या, अमरेश. अप्पांनी तुझं नाव घरात घ्यायचं नाही असं बजावलं होतं ना, पण झाडाचं नाव घ्यायला कोण अडवणार? त्या दिवसापासून अव्वा तुझं नाव उठताबसता घ्यायला लागल्या. अमरेशची पात पिवळी पडली. अमरेशला शेणखत घाल. अप्पा सुरुवातीला ताटावरून उठून जायचे. पुढं ऐकू न आल्यासारखं करायचे. मग एका सकाळी रानातून आले, पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “अमरेशला पहिली पोय आलीय.” फुलोऱ्याचा तो कोंब बघायला आम्ही सगळेच गेलो. अव्वा पाटात बसून रडल्या. त्या झाडाचा नारळ आमच्यात कुणी फोडून खाल्लेला नाही. वाळून पडले की अव्वा गोळा करून तुझ्या खोलीत ठेवतात. ती खोली आता जमिनीपासून खिडकीपर्यंत नारळांनीच भरली आहे. दार उघडलं की ते आपोआप घरंगळतात.

अप्पांच्या मातीला तू आलास, मूठभर माती टाकलीस आणि अव्वांकडे न बघता परस्पर निघून गेलास. अप्पांवरचा राग आहे असं आम्ही समजत होतो. आता कळतं, तो त्यांच्यावरचा नव्हताच.

हे वाचून तुझं मन लगेच फिरेल असं मला वाटत नाही. एका शब्दाची चूक कळली म्हणून बाकीचं पुसलं जात नाही. प्रतिक्षाची जात विचारून तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं गेलं, ते काही कुणाच्या ऐकण्यातली चूक नव्हती. तिनं मात्र दुकानात आधी अव्वांचीच तब्येत विचारली.

अव्वांचं आता सगळंच निसटत चाललं आहे. आधी मराठी गेलं, मग माणसं. मला त्या कधी बहीण समजतात, कधी बाजारातली बाई. अण्णांना परवा अप्पा म्हणाल्या. अमरेश मात्र पक्का आहे. सकाळी उठल्या की काठी टेकत झाडाकडे जातात, दिवसभर त्याच्या बुडाशी बसतात. भाकरीचा पहिला तुकडा मुळाशी ठेवतात. हल्ली तर खोडाला कान लावून डोळे मिटून ऐकत बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “माताडतान.” एवढं कन्नड आता मला येतं. बोलतोय, म्हणाल्या.

एका दुपारी त्या डुलकीत असताना मीही कान लावला. अमरेश, आतून आवाज येत होता. बारीक, ओला, न थांबणारा. कुणीतरी अंधारात तोंड मिटून काहीतरी चावत असल्यासारखा. मी दचकून मागे सरकले, आणि अव्वा झोपेतच हसल्या.

संध्याकाळी अण्णांनी खोडावरच्या तांबूस ओघळाशी साल काढली. आतून अंगठ्याएवढी अळी निघाली. सोंड्या भुंग्याची, खोड आतून पोखरणारी. औषध भरलं, भोकं लिंपली, पण उशीर झाला होता. शेंड्याची कोवळी पात कलली आहे. खोड आतून भुसभुशीत झालंय, वळवाच्या पहिल्या वाऱ्याला वरचा भाग मोडेल. आणि त्याच्या खाली अव्वा बसलेल्या असतात. उचलून आणलं तर किंचाळतात, अमरेशला एकटं कसं ठेवू म्हणतात. दार लावलं तर दारावर डोकं आपटतात. झाड पाडायला येडूला बोलावलं. त्यानं करवत टेकवली, अव्वांची हाक ऐकली, चहा घेतला आणि म्हणाला, “जित्या माणसाचं नाव हाय की त्याला, वहिनी. मी न्हाय हात लावत.” अण्णांचाही हात उठत नाही. रात्री वारा सुटला की आम्ही दोघं जागे असतो. मला तो चावण्याचा आवाज घरातसुद्धा ऐकू येतो, नसताना.

झाड या आठवड्यात पाडावंच लागेल. वळवाचे ढग रोज दुपारी मंगळवेढ्याकडून येतात आणि थोडक्यात हुकतात. येडू नाही तर दुसरा कुणी मिळेल. झाड पडेल, जाळून टाकावं लागेल, आणि मग अव्वा त्याला शोधायला उठतील. त्या वेळी मी त्यांना काय दाखवू? म्हणून हे पत्र. तू यावंस, प्रतिक्षाला घेऊन यावंस, आणि या खेपेला ती आधी आत यावी, तू मागून. तू नाही म्हणशील हे मी धरून चालले आहे. समोर उभा राहिलास तरी अव्वा तुला ओळखतील असंही मी सांगू शकत नाही. तरी विचारते. ती जागा मोकळी झाल्यावर अव्वा तुझ्या नावानं हाक मारतील, तेव्हा तिथं उभा राहून तू एकदा ओ देशील का?

तुझीच,
अत्तिगे