वर्षाची कढई

शेलार, भिवंडी
६ जानेवारी २०२५

ती. ठकुआत्यास,
ऋतिकाचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू "बरं हाय" म्हणतेस आणि ठेवतेस. वर्षभर तेवढंच चाललंय, म्हणून पत्र लिहिते. शेजारचे हिरामणकाका वाचून दाखवतील. (काका, पदरचं मीठ घालू नका.)

७ फेब्रुवारीला बाबांना जाऊन वर्ष होईल. आपल्या घरची रीत मी तुला काय सांगायची? वर्ष सरेपर्यंत तळण नाही, मग गेलेल्याच्या बहिणीनं येऊन कढई ठेवायची आणि पहिला वडा तिनं सोडायचा. आई म्हणते, ठकुबाय आली नाही तर या घरात पुन्हा कढई चढायची नाही. ती हे रागानं म्हणत नाही. नुसतं सांगते, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटते.

तेल कोणतं आणायचं तेही कळव. घरी तळता येत नाही, म्हणून मैत्रीण रीमाच्या स्वयंपाकघरात मी तांदळाचे वडे तीन तेलांत तळून पाहिले. पामतेलाला तळताना काही वास नाही, पण वडा गार झाल्यावर टाळूला चिकटतो. सूर्यफुलाचं तेल दुसऱ्या खेपेला फेस धरतं. शेंगदाण्याच्या तेलात रंग छान येतो. रीमाच्या सासूबाई म्हणाल्या, ही मुलगी वडे खात नाही, त्यांची परीक्षा घेते. मी कॅन्टीनमधलं अन्न तपासण्याची नोकरी करते, ती सवय जात नाही.

बाराव्याच्या दिवसाबद्दल समोरासमोर बोलू. पण ये.

आहे तो लोभ तुटू देऊ नकोस.
तुझी भाची,
ऋतिका


वज्रेश्वरी
१३ जानेवारी २०२५

चि. ऋतिका हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. अक्षर हिरामणचं आहे, बोलणं ठकुबाईचं.

तेलाचं तू लिहिलंस ते बरोबर. वड्याला शेंगतेल खरं. पण दिवसभराच्या धंद्याला पामतेलच टिकतं, म्हणून माझ्या वड्यांच्या दुकानात तेच असायचं. आणि तेल तापलं की नाही ते पिठाचा कण सांगतो, त्याला तुझी तपासायची पट्टी लागत नाही.

आता बाराव्याचं. समोरासमोर नको, इथंच सांगते. दादा आदल्या दिवशी माझ्याकडे वडे खाऊन गेला हे तुला ठाऊक होतं. भरल्या घरात तू मला विचारलंस, "आत्या, ते तेल कितव्यांदा तापवलं होतं?" मी पाणी न पिता उठले. उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्याजवळ होतं.

दादा आला की मी त्याच्यासाठी वेगळी लहान कढई लावायची, ताज्या शेंगतेलाची. जायच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा मंगळवार, देवीला गर्दी. त्याला टेम्पो घेऊन परत पळायचं होतं. मी दुकानाच्या कढईतले चार वडे त्याच्या हातावर ठेवले. ते तेल तिसऱ्या दिवसाचं होतं, काळं पडलेलं. उभ्या उभ्या खाल्ले आणि म्हणाला, आज खुसखुशीत झालेत गं. दुसऱ्या दुपारी तो गेला.

तेव्हापासून मी तळण सोडलं. आता नारळ आणि ओटीचं सामान विकते. या हातानं वहिनीच्या घरात कढई ठेवायची न्हाय. तिला सांग, ठकूचे गुडघे दुखतात.

आईला जप. स्वतः वेळेवर जेव.
तुझी आत्या,
ठकुबाई

(वडे बंद झाल्यापासून माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचे फार हाल आहेत. ही ओळ ती खोडायला सांगते आहे, पण शाई वाळली. — हिरामण)


शेलार, भिवंडी
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चार वड्यांनी बाबा गेले नाहीत. हे मला त्या बाराव्यालाही माहीत होतं.

ते जायच्या आधीच्या ऑक्टोबरात टेम्पोत कापडाच्या गाठी चढवताना त्यांना दम लागायचा. मला घेऊन ते डॉक्टरकडे गेले. घरात इंग्रजी कागद वाचणारी मी एकटी; विजेच्या बिलापासून सगळं माझ्याकडेच येतं. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, हृदयाची पुढची तपासणी लवकर करून घ्यावी. मी बाबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, दिवाळीचा माल उतरू दे, मग बघू. आणि आईला यातलं काही बोलू नकोस.

मी ऐकलं. मनाशी म्हटलं, तपासणी पुढे गेली तरी तेल आपल्या हातात आहे. मग मी तक्ता केला. कोणतं तेल किती तापल्यावर धूर सोडतं, कोणत्यात काय असतं, सगळं त्यात मांडलं. घरातलं पामतेल बंद करून करडईचं आणलं, माणशी चमचे ठरवले. बाबा म्हणाले, आता दम कमी लागतो. मला इतका अभिमान वाटला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तपासणीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चार महिने मी डॉक्टरचं काम तेलावर भागवलं.

बाराव्याला सगळे म्हणत होते, असा अचानक कसा गेला? कोणीतरी म्हणालं, ऋतिका शिकलेली आहे, तिला विचारा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा मी तुला तो प्रश्न विचारला.

रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. आईला माहीत नाही. तू रागावलीस तरी उत्तर पाठव.

ऋतिका


वज्रेश्वरी
२५ जानेवारी २०२५

चि. ऋतिका हिस,
आशीर्वाद.

हिरामणभाऊंनी तुझं पत्र एकदा वाचलं. पुन्हा वाचा असं मी म्हटलं नाही. मग चार दिवस त्यांच्या ओट्याकडे फिरकले नाही.

राग आला. अजून हाय. वर्षभर मी भावाला मारलं असं समजून घास गिळला. देवळाकडे जाणारं कोणी दुकानाशी थबकलं की वाटायचं, यालाही ठाऊक आहे. हे सगळं एका पत्रानं पुसून जात नाही.

दादानं तुझ्या तोंडाला कुलूप लावलं हेही मला कळतं. लहानपणी पायात काटा असला तरी तो लंगडायचा नाही, आई रागावेल म्हणून. त्याचं ओझं तुझ्यावर पडलं. पण ते तू उचलून माझ्या डोक्यावर ठेवलंस, पोरी.

वहिनीला सांग. माझ्याआधी तिला कळायला हवं होतं. तिला अंधारात ठेवून मी आले आणि कढई चढवली, तर आपण दोघी मिळून तिला फसवू. ऐकल्यावर ती बोलावेल तर येईन.

तुझी आत्या

(या खेपेला मी पदरचं काही लिहिलेलं नाही. — हिरामण)


शेलार, भिवंडी
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बुधवारी सकाळी आईला सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. रिपोर्ट पुढे ठेवला आणि शेवटची ओळ मराठीत सांगितली. तिनं एवढंच विचारलं, "कवा आलता हा कागुद?" मी तारीख सांगितली. तिनं पिठाच्या बोटांवर महिने मोजले. मग परत पीठ मळायला लागली. भाकऱ्या नेहमीसारख्याच झाल्या.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझा डबा भरून ओट्यावर ठेवते, पण घे म्हणत नाही. रात्री माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करते. मी जागी आहे हे तिला कळत असावं.

काल संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ठकुबायला लिव, ये म्हनावं. तिची काय चूक न्हाय." मी थांबले, पुढे माझ्याबद्दल काही बोलेल म्हणून. ती सूप घेऊन आत गेली.

तेव्हा तू ये. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघ, मी फाट्यावर उभी असेन. शेंगदाण्याचं तेल आणून ठेवलंय, पिशवी फोडलेली नाही. तू पहिला वडा सोडशील तेव्हा मी गॅसजवळ उभी राहू की बाहेर ओटीवर थांबू, हे आईला विचारायचा मला धीर होत नाही. आल्यावर तेवढं तू विचार.

जमेल तेवढा लोभ ठेव.
ऋतिका