लक्ष देऊ नका

४ जानेवारी

आले एकदाची. धाकटा भाऊ बसस्टँडवर न्यायला आला होता. त्याच्याच घरावरची खोली मला दिली आहे. भावजयीने पडदे लावून ठेवले होते, पलंगावर स्वच्छ चादर. उगाच डोळे भरून आले.

अर्धं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. माग बंद पडले, कारखान्याला कुलूप लागलं, माझ्या कानात मात्र पाळी चालूच राहिली. रातकिडे ओरडतात तशी किर्रकिर्र, आणि जिना चढले की त्यावर नाडीचे ठोके. कानाच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाल्या, बाहेर आवाज नसतो, दुखावलेल्या कानाची उणीव मेंदू स्वतः भरून काढतो. गोळी नाही. "आवाज जाईलच असं नाही, पण त्याचा धाक जाईल," म्हणाल्या. कधी वाढतो, कधी विसरायला होतो, ते रोज लिहायला सांगितलंय. म्हणून हा उद्योग.

९ जानेवारी

शीतगृहात कामाला लागले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना हातभर जाडीच्या दारांच्या खोल्या. आत सफरचंदं, वाटाणे, लोण्याचे खोके. बोळातल्या टेबलावर बसायचं आणि मधूनमधून प्रत्येक दाराशी जाऊन तापमान टिपून आणायचं. यंत्रांची घरघर अखंड, तिच्यात माझी किर्रकिर्र साखरेसारखी विरघळते! भाऊ म्हणतो, देव पावला.

माल लावणारे एक म्हातारे आहेत. एकावर एक दोन स्वेटर घालतात, म्हणून सगळे त्यांना स्वेटरमामाच म्हणतात. माझ्या कानाचं कळल्यावर म्हणाले, "तुमच्या कानात किर्र, माझ्या गुडघ्यात कट्ट. बँड काढून लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला हरकत नाही." कित्येक दिवसांनी पोट धरून हसले.

२२ जानेवारी

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की हा आवाज आगंतुक पाहुण्यासारखा आहे. भांडलात तर ठाण मांडून बसेल, सारखी विचारपूस केलीत तरी बसेल. आपण आपलं काम करत राहायचं. अगदी शांततेत बसायचं नाही, हळू रेडिओ लावायचा, लांब श्वास घ्यायचा. लक्ष देऊ नका. बस्स.

करून पाहतेय. झोप सुधारली.

३ फेब्रुवारी

वाटाण्याच्या खोलीचं दार आतून उघडायचा दांडा निसटलाय. मामांनी मॅनेजरला दाखवला. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू, तोवर दाराला खोका लावून आत जात जा. मामा मला म्हणाले, याच्या घराचं दार असतं तर काल दुपारीच सुतार आला असता.

११ फेब्रुवारी

आज डॉक्टरबाई शाबासकी देतील. दुपारी बोळातल्या टेबलाशी बसले होते, तेव्हा ठोके सुरू झाले, जिना चढले नव्हते तरी. धप्, धप्, धप्. जरा थांबून पुन्हा. पूर्वी घाबरून डोकं धरून बसले असते. आज शिकवल्याप्रमाणे केलं. लांब श्वास घेतला, टेबलावरचा रेडिओ थोडा मोठा केला, गाण्याचे शब्द मनात म्हणत राहिले. ठोके मंदावले. मग थांबले.

पहिल्यांदा मी जिंकले. मामांना सांगायचं होतं, पण ते लवकर घरी गेले असावेत.

१२ फेब्रुवारी

सकाळी वाटाण्याची खोली उघडली. मामा दाराशीच होते. बसलेले. खोका कुणीतरी वाटेतून सरकवला होता.

हाताची बोटं, सांध्यांवर —

मला लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

सगळ्यांना सांगितलं की मी ऐकलं होतं. भावाने हात दाबला. मॅनेजर फार गोड बोलला. म्हणाला, ताई, तुम्हाला भास होतात, तुमच्या डॉक्टरांचा कागदच आहे. तुम्हाला काही ऐकू आलंच नाही असं लिहून द्या, म्हणजे तुम्हीही सुटाल. तुम्हीही! सुटायचं कुणाला होतं ते कळत होतं. भाऊ म्हणाला, यात तुझंच भलं आहे.

सही केली.

नवा दांडा आजच बसला. चकचकीत आहे. पुढचा महिना इतक्या लवकर उजाडला.

१९ फेब्रुवारी

मामांची बायको आली होती. एवढंच विचारलं, त्यांनी हाक मारली होती का हो? मी म्हटलं, मला कानाचा त्रास आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, मग तुमचा काय दोष.

त्यापेक्षा तोंडात मारली असती तर बरं.

२३ फेब्रुवारी

ठोके आता घरीही येतात. बसल्या जागी. डॉक्टरबाई म्हणतात, धक्का बसलाय, वाढणारच. रेडिओ लावा. लावला. ठोके त्याच्यावर चढतात. नाडीवर बोट ठेवून पाहिलं — नाडीशी जुळत नाहीत.

२७ फेब्रुवारी

कपाटातून येतात. उघडलं. साड्या. हात लावला तर साड्या गार, ओलसर गार —

भावजयीला हात लावून बघ म्हटलं. तिने लावला. म्हणाली, काही नाही. पण हात पदराला पुसला.

२ मार्च

कामावर जाणं सोडलं. मॅनेजरने निरोप पाठवलाय, तब्येत सांभाळा. प्रत्येक दार उघडं ठेवते. तरी ठोके. बंद दारच नाही आता, मग कशावर —

कशावर ठोकताहेत, कळलं. आतून. कानाच्या आतून.

६ मार्च

किर्रकिर्र थांबली. भर सकाळी, एकदम. घड्याळ ऐकू येतंय. नळ. खाली भावजय भांडी लावतेय. इतक्या वर्षांची साधी शांतता — रडले.

मग पाठीमागून श्वास. थरथरता. दात वाजत असल्यासारखा.

"बाई, तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

रेडिओ लावला. लांब श्वास. लक्ष देऊ नका, लक्ष देऊ न —

पुन्हा विचारतात. रागाने नाही. राग असता तर — मानेला गार लागतंय. लेखणी धरवत नाही, बोटं —

पुन्हा.

हो, मामा. आलं होतं. पहिल्यापासून. प्रत्येक ठोका मला