सुट्टीच्या दिवशी गोळी नाही

पनवेल, ता. १८ सप्टेंबर १९५८

चि. मनासे यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. नव्याचा सण गोड झाला हे सहा ओळींत, आणि छातीत पुन्हा धडधड सुरू झाली हे कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत. शाळेत मुलांना असंच लिहायला शिकवतोस का?

वाचनालयातल्या वैद्यकाच्या पुस्तकात पाहिलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात, म्हणून नाडी कधी धावते, कधी ठेचकाळते. डिजॉक्सिनची गोळी तिला लगाम घालते. कडक चहा, तपकीर आणि जागरण तिला चिथावतात. म्हणजे तुझे तिन्ही शौक. काय खातोस, काय पितोस, गोळी कधी घेतोस, सगळं लिही. साराला विचारून लिही. नवऱ्याच्या बाबतीत ती तुझ्यापेक्षा खरं बोलते. बुधवारी किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा उपास, दिवसभर पाणीसुद्धा नाही. त्याआधी उत्तर हवं.

तुझ्या काळजीने दमलेली,
हेप्झिबाताई


पेण, ता. १९ सप्टेंबर

ती. ताईस शालोम व स. न. वि. वि.

तपकीर सोडली. चहा अर्ध्यावर आणला. गोळीबद्दल मात्र तुला बोलायला जागा नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज एक, सुट्टीच्या दिवशी नाही. मी तंतोतंत पाळतो. शनिवारी शब्बाथ, रविवारी शाळा बंद, सोम-मंगळ आपला नव्या वर्षाचा सण, बुधवारी गणपतीची सुट्टी. पाच दिवस डबीला हात लावला नाही, तरी हा त्रास! असो. राहिलेल्या पाच आता रोज दोन-दोन घेऊन भरून काढतो.

रागावणं कमी व लोभ जास्त असू दे.
तुझा मनासे


पनवेल, ता. २१ सप्टेंबर

चि. मनासे यास आशीर्वाद.

अरे शहाण्या, डॉक्टरांची सुट्टी म्हणजे रविवार! एकच दिवस! समोर बसलेला ज्यू, शनिवार पाळणारा शनवार तेली, सगळ्या धर्मांचे सण मोजतोय, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

दोन-दोन गोळ्या मुळीच घ्यायच्या नाहीत. हे पत्र घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. ती गोळी अंगात साचते आणि विष होते. तुझ्या दाजींना हीच होती. शेवटच्या आठवड्यात त्यांना ओकाऱ्या होत आणि दिवा पिवळा दिसे. मी रोज काच घासायचे. ते म्हणायचे, अजून पिवळाच आहे. त्याचं कारण मला पुस्तकात सापडलं तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती.

उपासाचंही डॉक्टरांना विचार. नाही म्हणाले तर खा. देवाला मी सांगेन.

ताई


पेण, ता. २५ सप्टेंबर

ती. ताईस शालोम. वि. वि.

डॉक्टर आधी हसले, मग माझ्यावर खेकसले. मी शुक्रवारी दोन घेतल्या होत्या. शनिवार-रविवार माझी पुन्हा सुट्टी, म्हणून बचावलो म्हणाले. आता कागदावर लिहून दिलंय, फक्त रविवारी बंद. उपासाला साफ नाही म्हणाले. काल दुपारी प्रार्थना सोडून घरी आलो, गोळी घेतली, पेज प्यालो. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. कोणी येऊ नये म्हणून सारा दारात उभी राहिली. नाडीचं धावणं थांबलंय.

किप्पूरच्या आधी माणसांची माफी मागायची असते. माझी एक राहिली. दाजींच्या तेव्हा चार दिवस गोळ्या चुकल्या होत्या. दोन-दोन घेऊन भरून काढा, असं त्यांना मीच सांगितलं होतं. तुझं पत्र वाचेपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

मनासे


पनवेल, ता. २८ सप्टेंबर

चि. मनासे यास आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. ह्यांनीच सांगितलं होतं, आणि ते पुस्तक वाचलं त्या दिवशी सगळं जुळलं. तुला लिहायला तीनदा बसले. तीनदा चहावरून ओरडून पत्र संपवलं.

माफ केलं हे कसं लिहितात, मला ठाऊक नाही. गुरुवारी पेणला येते. तुझी नाडी मी मोजेन. हात पुढे कर आणि तेवढा वेळ तरी गप्प बस.

तुझी ताई