मशीन धरायला माणूस

४ मार्च
शिडी सोडली दादाने आणि अंथरुणावर पडलो मी! धर म्हटलं होतं. फोन वाजला, हा बोलत बोलत गेटपर्यंत गेला. मी वर, हातात ब्रश, खाली कोणी नाही. घोटा मोडला. गुडघ्याखाली सगळं प्लॅस्टर. रंगाऱ्याचं पोट हातावर तेवढंच पायावर — हे त्याला सांगायला नको, तोही रंगारीच. सख्खा भाऊ असला तरी आता त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही.

७ मार्च
व्यायामाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, घोटा जुळेल, पण पडून पडून मांडीतलं बळ जातं. मग शिडी कशी चढू? त्यांच्याकडे एक मशीन आहे. गुडघ्याच्या जरा वर लावायचं, ते थरथरतं, आणि पाय न हलवताही स्नायूला वाटतं काम चाललंय. मांडी मात्र सैल हवी. मी स्वतः वाकून धरलं की ती ताठते. ही दिवसभर कामावर.
मशीन आणायला गेलं कोण? दादा! येऊन हिला सांगितलं, धरायला माणूस लागतो, मी येईन रोज दुपारी.
आला मोठा उपकार करणारा.

८ मार्च
आला. धरून बसला. मी भिंतीकडे तोंड केलं. घर्र घर्र — डोकं उठलं.

१५ मार्च
काम बुडवून येतो. मी बोलत नाही, तर भिंतीशी बोलतो — पोपडे आलेत, खरवडून खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायला हवा. भिंत माझी, मी बघीन! हात बधिर झाला की झटकतो, दुसऱ्या हातात धरतो. होऊ दे बधिर. ही म्हणाली, भाऊजींशी बोला हो आता. म्हटलं, शिडीला विचार.

२६ मार्च
आज उशीर केला त्याने. मी दाराकडे बघत होतो. मशीनसाठी! हे स्वतःलाच बजावावं लागलं, त्याचा आणखी संताप.

१८ एप्रिल
प्लॅस्टर निघालं. पोटरी काडी झालीय. पण मांडीने बाईंच्या हाताला असा रेटा दिला की त्या हसल्या. दादा कोपऱ्यात नाक पुसत होता. चीडच आली.

१९ एप्रिल
मशीन परत द्यायला गेलो. मी कुबड्यांवर, दादा मागे. बाई म्हणाल्या, "आणि पट्टा? तो मांडीला बांधला की धरायला कोणी लागत नाही, सांगितलं होतं ना तुम्हाला?"
दादाने खिशातून काढून दिला. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.
बाहेर आल्यावर म्हटलं, "लबाड आहेस तू. उद्या मशीन नाही. तरी ये."